दहा मशीन, साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास: माध्यमिक शाळेत संगणक अध्यापनात कसा आणायचा

केंद्र सरकारची शाळांसाठीची आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना डिसेंबर २००४ मध्ये आली, २०१० मध्ये तिची फेररचना झाली आणि २०१८ पासून ती समग्र शिक्षा अभियानात गेली. कोल्हापूर जिल्ह्यात करवीरपासून चंदगडपर्यंत कितीतरी माध्यमिक शाळांत संगणक कक्ष आहे. मात्र भूमिती, भिंगं, भारत-ब्राझील तुलना हे सगळं शेजारच्या वर्गात फळ्यावर चालतं आणि कक्षाला कुलूप असतं. मशीन जुनी, नेट नाही, लाईट जाते ही कारणं खरीच आहेत. पण ती सगळी दूर झाली तरी कुलूप आपोआप उघडत नाही. कोणत्या पाठाला, कोणत्या तासाला, कोणत्या प्रश्नासाठी मशीन लागणार आहे, हे वार्षिक नियोजनात लिहिलेलं नसतं, हे खरं मूळ. म्हणून इथे सुरुवात पाठापासून केली आहे आणि वीज, वायर, नेट त्यामागून येतात.

जूनमध्ये आधी पाठ ठरवा

वार्षिक नियोजन भरताना प्रत्येक विषयशिक्षकाने आपल्या विषयातले तीनच पाठ निवडावेत. तीनपेक्षा जास्त लिहिले तर दिवाळीपर्यंत एकही होत नाही. निवडीची कसोटी अशी की फळ्यावर जे दाखवताच येत नाही तेच मशीनवर न्यायचं. एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते, आकृती हलवली तरी काय कायम राहतं, किंवा आकडे इतके आहेत की हाताने आलेख काढण्यातच तास संपतो, असे पाठ मशीनसाठी. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ पडद्यावर लावून वाचून दाखवणं यात बसत नाही. पुस्तक मुलांच्या हातात आहेच.

दहावीच्या सध्याच्या पुस्तकांतून सांगायचं तर विज्ञान भाग १ मधले प्रकाशाचे अपवर्तन आणि भिंगे, गणित भाग २ मधलं वर्तुळ (जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू ओढला की अंतर्लिखित कोन तोच राहतो, हे मूल डोळ्यांनी पाहतं), गणित भाग १ मधली सांख्यिकी आणि अर्थनियोजन, भूगोलातली भारत-ब्राझील तुलना. एवढ्याने पहिल्या वर्षाची सुरुवात होते.

टाचण वहीत त्या पाठापुढे एकच वाक्य लिहा: “या तासाला मशीन कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार?” वाक्य सुचत नसेल तर तो पाठ फळ्यावरच शिकवा. तसं करण्यात काही कमीपणा नाही.

चालू मशीन किती, ते खरं मोजा

डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, पंधरा मशीन असतात आणि चालू असतात सहा. नियोजन सहावर करायचं. प्रत्येक सीपीयूवर ठळक नंबर लिहा, एक साधी वही करा आणि घड्याळ लावून बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंतचा वेळ नोंदवा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतो, जुन्या हार्डडिस्कचा असतो. हार्डडिस्कच्या जागी २४० जीबीची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली आणि मेमरी ८ जीबी केली की दहा वर्षांचं मशीनही शाळेच्या कामाला पुरतं. मेमरी घेण्याआधी जुनी पट्टी काढून त्यावरचं लेबल वाचा. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही.

मशीन चालू होतं, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो आणि बीप वाजते, हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. मेन स्विच बंद करून वायर काढा, मेमरीची पट्टी काढा, सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा आणि पट्टी दोन्ही बाजूंनी खटका वाजेपर्यंत बसवा. दुसरा प्रकार असा की नेट आहे, पण कुठलीच साइट उघडत नाही आणि सुरक्षेची सूचना येते. कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपला आहे. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तेवढ्यासाठी मशीन दुरुस्तीला पाठवून महिनाभर अडकवू नका.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या मशीनमध्ये बहुधा नसते. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही कार्यप्रणाली टाकावी, हे आमचं स्पष्ट मत आहे. जिओजेब्रा, लिब्रेऑफिस (लेखन आणि तक्त्यांसाठीचं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझर त्यावर व्यवस्थित चालतात. पेन ड्राइव्हवरून पसरणारे विंडोजचे शॉर्टकट व्हायरस तिथे चालत नाहीत, आणि सुरक्षेचे अपडेटही मिळत राहतात. एक मशीन नीट तयार करा, क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तीच बाकीच्यांवर उतरवा. सगळ्या मशीनवर एकच पडदा आणि त्याच जागी तीच चिन्हं असली की शिक्षकाला दहा वेळा दहा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांतून, माजी विद्यार्थ्यांकडून वापरलेली मशीन मिळत असतील तर आनंदाने घ्या. मात्र अट आधीच कळवा: ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी मेमरी आणि ती वाढवण्याची जागा, मॉनिटर सोबत आणि सगळी मशीन शक्यतो एकाच मॉडेलची. वेगवेगळ्या वीस मशीनपेक्षा सारखी आठ बरी, कारण एक बंद पडलं तर त्याचे भाग बाकीच्या सातांना लागतात.

कार्यालयाचं मशीन वेगळं ठेवा. यूडायस, सरल, शालार्थ या सरकारी पोर्टलवरच्या नोंदी आणि परीक्षेचे फॉर्म यांचा हंगाम आला की लॅबचं सर्वांत चांगलं मशीन कार्यालयात जातं आणि परत येत नाही.

वीज

साधं डेस्कटॉप मशीन एलईडी मॉनिटरसह साधारण १०० वॅट घेतं. दहा मशीन म्हणजे १ किलोवॅट. एवढा भार एका एक्स्टेंशन बोर्डवर टाकला की बोर्ड तापून वितळण्याचा धोका असतो. कक्षासाठी स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी. एका सर्किटवर पाचच मशीन ठेवा, म्हणजे एक ट्रिप झालं तरी निम्मा वर्ग चालू राहतो.

मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासा, तोवर मुलांना बसवू नका. वायरमनला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते २-३ व्होल्टच्या आत हवं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि आकडा वाढतो, म्हणून ही तपासणी मे महिन्यात करावी. पावसात सगळंच ठीक दिसतं.

इन्व्हर्टर घेताना हिशेब असा करा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर. त्यातलं निम्मंच धरावं, ९००. १००० वॅटच्या दहा डेस्कटॉपना ते तासभरही पुरत नाही आणि घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर तर एवढा भार उचलतच नाही. तीच दहा मशीन छोटी, मॉनिटरसह ४० वॅटची असतील तर भार ४०० वॅटवर येतो आणि दोन तास निघतात. नवी खरेदी करायचीच असेल तर वॅट विचारून करा.

नेट नसलं तरी

दहाही मशीनवर एकाच वेळी व्हिडिओ लावला तर प्रत्येकी २ एमबीपीएस धरून २० एमबीपीएस लागतात, आणि गगनबावडा-शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांत पावसाळी दिवशी ते मिळणार नाहीत. तास नेटवर अवलंबून ठेवू नका. फेट या संकेतस्थळाची सिम्युलेशन (पडद्यावर करून बघायचे प्रयोग), त्यांतली अनेक मराठीतही आहेत, एकेक फाइल म्हणून उतरवून ठेवता येतात आणि साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. जिओजेब्रा मशीनवर टाकून ठेवता येतं. मराठी विकिपीडिया किविक्स या नेटशिवाय वाचायच्या ॲपमधून पूर्ण उतरवता येतो. दीक्षा ॲपवरचं साहित्य आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ शिक्षकाने आधीच उतरवून घ्याव्यात.

हे सगळं ‘इयत्ता, विषय, पाठ’ अशा फोल्डरमध्ये लावून क्लोनझिलाच्या प्रतीतच घाला. नेट मिळेल त्या दिवशी फक्त नवं काय ते आणायचं.

पस्तीस मिनिटांचा तास

बहुतेक प्रयोग फसतात ते इथे. वर्गातून कक्षात येऊन बसायला ५ मिनिटं, मशीन चालू व्हायला ५, शेवटी बंद करायला ३. हातात राहतात २२. त्यात शिक्षकाने दहा मिनिटं सूचना दिल्या तर मुलांच्या वाट्याला बाराच मिनिटं येतात.

म्हणून प्रत्येक तुकडीतून चार ‘संगणक मित्र’ नेमा. आधीच्या सुट्टीत किंवा तास बदलताना त्यांनी मशीन चालू करून त्या दिवशीची फाइल उघडून ठेवायची. पडद्यावर काम तयार असेल तर २७-२८ मिनिटं मिळतात.

साठ मुलं आणि दहा मशीन यांचं गणित एका शिक्षकाला एकट्याने सुटत नाही. वेळापत्रकात जोड तास लावा. त्या तुकडीचे गणित आणि मराठीचे तास लागोपाठ ठेवा आणि दोन्ही तासांना दोन्ही शिक्षक मोकळे असतील असं बघा. पाचव्या तासाला विषम हजेरी क्रमांक गणितासाठी कक्षात आणि सम क्रमांक मराठीला वर्गात. सहाव्या तासाला अदलाबदल. प्रत्येक शिक्षक तोच पाठ दोनदा, पण तीस मुलांना शिकवतो. पर्यवेक्षकांना वेळापत्रकात हे आधीच दिलं तर जमतं. ऑगस्टमध्ये मागून मिळत नाही.

तीस मुलं, दहा मशीन म्हणजे एका मशीनवर तिघं. काम वाटून द्या: एक माऊसवर, एक वहीत नोंद करणार, एक कामाचा कागद वाचून पुढची पायरी सांगणार. दर ७ मिनिटांनी टाळी किंवा घंटा, आणि जागा बदल. तीन फेऱ्या म्हणजे २१ मिनिटं. ही अदलाबदल मुलांवर सोडू नका. घरी संगणक असलेला मुलगा माऊस सोडत नाही आणि वही आपसूक मुलीकडे जाते, वर्षभर तिच्याकडेच राहते. कोण कधी कुठे बसणार याचा तक्ता हजेरी क्रमांकानुसार भिंतीवर लावा आणि तो काटेकोर पाळा. या एका गोष्टीवर तडजोड करू नये असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण कितीतरी मुलं दहावीपर्यंत माऊसला हात न लावता बाहेर पडतात ती याच कारणाने.

मशीन तीन भिंतींना लावा, पडदे आतल्या बाजूला, मध्ये मोकळी जागा. शिक्षक मध्यभागी उभा राहिला की सगळे पडदे एका नजरेत येतात. रांगेत मशीन मांडले की मागच्या रांगेत काय चाललंय ते कधीच कळत नाही. तिघांना साधारण चार फूट टेबल लागतं. टेबल आणि भिंत यांत फूटभर अंतर सोडा, नाहीतर एक वायर बदलायला सगळी मांडणी हलवावी लागते. नेटवर्कची वायर पीव्हीसी पट्टीतून न्या, उंदीर उघडी वायर कुरतडतात.

कामाचा कागद अर्ध्या पानाचा, चार पायऱ्यांचा आणि मराठीत हवा. त्याच्या मागे तोच प्रश्न मशीनशिवाय सोडवण्यासारखा द्या. लाईट गेली की कागद उलटायचा, तास पुढे चालू. ही सोय नसेल तर लाईट एकदा गेली की शिक्षक पुन्हा कक्षात येत नाही.

मशीन एकच चालू असेल तर प्रोजेक्टर लावा, किमान ३००० ल्युमेनचा, आणि खिडक्यांना पडदे. पण प्रत्येक क्लिकच्या आधी “आता काय होईल?” हे मुलांकडून वहीत लिहून घ्या. नाहीतर तो तास नुसता बघण्याचा होतो.

एक पाठ जवळून: पंचगंगेची पातळी

नववी-दहावीच्या सांख्यिकीसाठी कोल्हापुरात याहून चांगले आकडे मिळणार नाहीत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज वर्तमानपत्रात येते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या मुलांना हे आकडे पाठ असतात. जून ते सप्टेंबर रोज एका मुलाने वर्गाच्या वहीत तारीख, फूट, इंच आणि राधानगरी, गगनबावड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहायचा. ऑक्टोबरमध्ये तास घ्यायचा.

लिब्रेऑफिसमधला तक्त्यांचा कॅल्क उघडा. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात फूट, तिसऱ्यात इंच. चौथ्यात = चिन्ह देऊन फुटाच्या चौकटीवर क्लिक, मग अधिक, इंचाच्या चौकटीवर क्लिक, भागिले १२. उत्तर आलं की चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका खाली ओढा. पाचव्या रकान्यात सगळीकडे ३९, सहाव्यात ४३. आता तारीख आणि शेवटचे तीन रकाने निवडून रेषालेख काढा. नदीची वाकडी रेषा दोन आडव्या रेषांना कुठे छेदते ते पडद्यावर येतं.

मुलं काय चुकतात ते आधी माहीत असू द्या. ३८ फूट ७ इंच हे ती थेट ३८.७ लिहितात. दुसऱ्या दिवशी ३८ फूट ११ इंच झालं की ३८.११ लिहितात. पाणी चार इंच चढलं, पण आलेखात रेषा खाली गेली! ही चूक लगेच सुधारू नका. एका गटाला तसंच लिहू द्या आणि “पाणी चढलं की उतरलं?” असं विचारा. दशांश अपूर्णांक आणि बारा इंचांचा फूट यांतला फरक त्या दोन मिनिटांत जेवढा कळतो तेवढा दहा उदाहरणांनी कळत नाही. बरोबर आकडे ३८.५८ आणि ३८.९२.

दुसरी चूक तारखेची. भाषेची मांडणी अमेरिकन असेल तर १२ जुलै ही ७ डिसेंबर होते. सेटिंगमध्ये इंग्रजी (भारत) निवडा. तिसरी, अंक देवनागरीत टाकले तर ते मजकूर धरले जाऊ शकतात आणि गणित होत नाही. आकडे इंग्रजी अंकांत, शीर्षकं मराठीत.

मग प्रश्न द्या. पातळी ३९ च्या वर किती दिवस होती? एका दिवसात सर्वांत जास्त किती चढली? राधानगरीत जोराचा पाऊस झाल्यावर बंधाऱ्यावर पाणी किती दिवसांनी चढलं? शेवटच्या प्रश्नाला नेमकं एक उत्तर नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी एकत्र येतं, धरणाचे दरवाजे उघडतात, आणि मुलं त्यावर वाद घालतात. तो वाद होऊ द्या, भूगोलाच्या शिक्षकांनाही बोलवा.

दुसरा पाठ: भिंग

आधी खरं बहिर्वक्र भिंग हातात द्या. खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा समोरच्या भिंतीवर स्पष्ट करून भिंग ते भिंत अंतर मोजलं की ते नाभीय अंतर. मगच सिम्युलेशन. नाभीय अंतर २० सेंमी धरून वस्तू ६०, ४०, ३० आणि १० सेंमीवर ठेवल्यास प्रतिमा कुठे, ते मुलांनी सूत्राने वहीत काढावं. उत्तरं ३०, ४०, ६० आणि शेवटी उणे २०, म्हणजे आभासी. मग पडद्यावर पडताळायचं. सिम्युलेशनमध्ये नेमकं २० मिळत नसेल तर असेल त्या नाभीय अंतराच्या तिप्पट, दुप्पट, दीडपट आणि निम्म्यावर वस्तू ठेवा. चिन्हांची गल्लत झालेला गट इथे लगेच सापडतो.

अर्धं भिंग काळ्या कागदाने झाकलं तर काय दिसेल? बहुतेक मुलं अर्धी प्रतिमा म्हणतात. प्रतिमा पूर्णच येते, फक्त अंधूक होते. हे मात्र खऱ्या भिंगावरच दाखवा.

शिक्षकांची तयारी

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र जवळपास प्रत्येकाकडे आहे, तरी पन्नाशीतले शिक्षक कक्षात जायला बिचकतात. मुलांसमोर अडकण्याची भीती असते, आणि ती रास्त आहे. सर्वसाधारण प्रशिक्षणाने ती जात नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन शिक्षकांनी एक तास बसावं, पुढच्या आठवड्यातला एकच पाठ घ्यावा आणि कामाचा कागद मुलांसारखा पहिल्या पायरीपासून स्वतः करावा. कुठे अडतं ते कागदावरच दुरुस्त करावं. पहिल्या तासाला तो सहकारी कक्षात सोबत असावा, तांत्रिक अडचण त्याने सांभाळावी आणि शिकवणाऱ्याने विषयच शिकवावा.

मराठी टायपिंगसाठी युनिकोडच वापरा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर अगम्य चिन्हं होतात. त्या एकदाच बसून युनिकोडमध्ये बदलून ठेवा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आठवडाभरात हाताला बसतो. जिथे सगळे अडतात ते ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’मधलं ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’: शिफ्ट धरून जे, मग डी, मग पुढचं अक्षर.

गणित आणि विज्ञानात लेखी ८० आणि अंतर्गत किंवा प्रात्यक्षिक २० गुण आहेत. कक्षातलं काम विषयाच्याच वहीत उतरवून घ्या आणि त्या २० गुणांच्या कामात धरा. वेगळी ‘संगणक वही’ केली की पालक आणि मुलं ते अवांतर समजतात.

पाऊस, पूर आणि सुट्टी

राधानगरी, गगनबावडा, आजऱ्याच्या दमट हवेत बंद मशीन लवकर मरतं. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून किमान दोनदा सगळी मशीन अर्धा-अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल जाते. तासच लावलेले असतील तर हे वेगळं करावं लागत नाही.

शिरोळ, करवीरच्या नदीकाठी कक्ष वरच्या मजल्यावरच हवा. ते शक्य नसेल तर प्रत्येक वायरीला मशीनच्या नंबराची चिठ्ठी लावून ठेवा, म्हणजे पातळी ३९ फुटांकडे सरकली की तासाभरात सगळं वर नेता येतं आणि परत जोडताही येतं. पाण्यात गेलेलं मशीन चालू करून बघू नका. एसएसडी काढून नीट वाळवा, त्यातली माहिती बहुधा वाचते. पॉवर सप्लाय मात्र टाकूनच द्या.

बंद पडलेलं मशीन कोपऱ्यात ढीग करून ठेवण्यापेक्षा त्याचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करणं, वेळेवर करा. योजनेतून आलेलं साहित्य परस्पर भंगारात देता येत नाही. ठराव, डेड स्टॉकला नोंद आणि मान्यता, मग अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे. त्यातला चालू भाग दुसऱ्या मशीनला लावला तर त्याचीही नोंद करा. सुटे भाग म्हणून एक डबा कायम भरलेला असू द्या: एक पॉवर सप्लाय, एक मेमरी पट्टी, पाच सेल, चार माऊस, दोन कीबोर्ड, चार तयार नेटवर्क वायरी.

उन्हाळी सुट्टी लागताना सगळे प्लग भिंतीतून काढा आणि मोडेमची वायरही काढा. वळवाच्या विजा फोनच्या आणि नेटच्या वायरीतूनही आत येतात. यूपीएसची बॅटरी पडून राहिली तर उतरते आणि पुन्हा भरत नाही, म्हणून मेच्या मध्यावर शिपायाकडून एक दिवस सगळे यूपीएस चार्जिंगला लावून घ्या. शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात दहाही मशीन एकदम चालू करून वेळ मोजा, वहीत लिहा, आणि तो आकडा घेऊनच वेळापत्रकाच्या बैठकीला बसा.